चपलांपाशी अर्धा तास

कुंदाताई, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. तो तुमच्या भाच्याचा आहे, ज्याने शेवटी तुमचं सगळं केलं. अभ्यासिकेतल्या मुलींचा आहे. मी शनिवार-रविवारी टिटवाळ्याला येऊन गणित शिकवून जाणारा मुलगा. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलणाऱ्यांमध्ये मी नव्हतो, ऐकणाऱ्यांमध्येही नव्हतो. तुम्ही गेलात हेच मला माहीत नव्हतं.

आमच्या घरात याआधी कोणी कोणावर लिहिलेलं नाही. बाबांना सही येते. आई पेपरातले मथळे वाचते, खालचं मला वाचायला लावते. गेलेल्या माणसाशी बोलायचं तर आमच्याकडच्या बायका मोठ्याने रडत, नाव घेत बोलतात. मला तसं रडता आलं नाही. कित्येक आठवडे आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. वाक्यं चुकली तर मुलींना म्हणायचात तसंच म्हणा, "खोडू नकोस, पुढे लिही."

तुम्ही पहिल्यांदा आमच्या ठाण्यातल्या, कोलशेतच्या खोलीत आलात तो दिवस मला नीट आठवतो. म्हणजे मला आठवणारा पहिला. आई सांगते की महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तुम्ही नर्स होता तेव्हा माझी सगळी इंजेक्शनं तुम्हीच दिलीत आणि मी तुम्हाला एकदा चावलो होतो. मी बी.एस्सी.ला गेलो तेव्हा तुम्ही रिटायर होऊन टिटवाळ्याला राहायला गेलेल्या होतात. कोणाकडून तरी कळलं आणि तुम्ही आलात. पाणी पिऊन झालं, ग्लास खाली ठेवलात आणि सरळ मुद्द्यावर आलात.

"गणित घेतलंस म्हणे?"

"हो."

"शिकवशील?"

"कोणाला?"

"पोरींना. आमच्या विहारात आठवी ते दहावीच्या मुली बसतात. बाकीचे विषय मी ओढते कसेतरी. गणिताला मीच घाबरते, त्यांना काय सांगू?"

आई मध्ये पडली. "ताई, हा अजून स्वतःच लहान आहे हो."

"म्हणूनच. रिटायर मास्तर मिळतात गं मला. पण ते येऊन भाषण देतात. पोरींना भाषण नको, त्रिकोणमिती पाहिजे."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला कोणी कशासाठी शोधत घरी आलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी विहाराच्या पायरीवर उभं करून तुम्ही मला नियम सांगितलेत. दार उघडं राहणार. मुलींचे नंबर घ्यायचे नाहीत, स्वतःचा द्यायचा नाही. मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एकही पुरुष नाही, मीसुद्धा नाही. काही निरोप असला तर तो तुमच्यामार्फत. आणि पहिला अर्धा तास मी बाहेर थांबायचं.

मला ते लागलं. मी विचारलं, "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे रे. पण नियम मी तुझ्यासाठी केलेला नाही. तुझ्यानंतर जो येईल त्याच्यासाठी केलाय. तो कसा असेल, मला काय माहीत?"

मी पायरीवर बसलो.

मग तो बाहेरचा अर्धा तास सुरू झाला. विहाराच्या दारात मुलींच्या चपला असायच्या, त्यांच्या शेजारच्या पायरीवर मी. समोर नवीन इमारत उभी राहत होती, तिची हिरवी जाळी वाऱ्याने फुगायची. बाजूला लताकाकूंची पिठाची गिरणी. गिरणी बंद झाली की आतलं हसणं ऐकू यायचं. कोणीतरी ओरडायची, "बाई, ही माझे केस ओढते!" मग पुन्हा हसणं. खोबरेल तेलाचा वास पायरीपर्यंत यायचा. एवढंच मला माहीत होतं. आत तुम्ही काय करता, हे मी कधी पाहिलं नाही.

लताकाकू पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी चहा आणून द्यायच्या. "काय सर, आज पण वर्गाबाहेर? गृहपाठ केला नाही वाटतं."

"काकू, तुम्ही पण?"

"बाई आत घेत नाहीत म्हणजे केलं असणार काहीतरी." आणि स्वतःच खो खो हसायच्या.

मला हसू यायचं नाही. मी मनात हिशेब मांडायचो, सराव किती मागे पडतोय याचा. दहावीची परीक्षा तोंडावर आणि ह्या मुली केसांना तेल लावत बसतात. शेवटी एकदा वर्ग सुटल्यावर मी तुम्हाला गाठलंच.

"ताई, हा अर्धा तास मला द्या ना. यात एक अख्खं प्रकरण होईल."

तुम्ही सतरंजी गुंडाळत होता. "नाही देणार."

"का पण? त्या शिकायलाच येतात ना?"

"शिकायलाच येतात. पण कुठून येतात ते बघ. घरून पाणी भरून, भांडी घासून, धाकट्याला अंघोळ घालून येतात. शाळेत बाई सांगतील तिथे उभं राहायचं, घरात आई सांगेल तिथे. इथे आल्या आल्या तू सांगशील तिथे बघायचं. मधे थोडा वेळ कोणीच काही सांगू नये की नाही? झोपायचं तर झोपा, बडबडायचं तर बडबडा, शेंगदाणे खा. मी पण काही बोलत नाही आत. मला पण केसांना तेल लावतात, माहितीये?"

"पण त्याने मार्क येत नाहीत."

"मार्क तू आण. म्हणून तर तुला बोलावलंय."

तेव्हा हे भांडण मी हरलो असं तुम्हाला वाटलं असेल. मी हरलो नव्हतो, नुसता गप्प बसलो होतो. मला वाटायचं, गरिबाच्या मुलीला आरामाची चैन परवडत नाही. आधी शिकू दे, नोकरी लागू दे, मग आयुष्यभर तेल लावून घेऊ दे. मी स्वतः तसाच वर आलो होतो आणि मला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता.

मग प्रणालीचं झालं.

ती नववीत माझ्याकडे आली तेव्हापासून गणितात सगळ्यांच्या पुढे होती. मी फळ्यावर उदाहरण लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं आणि ते सांगताना ती उभी राहायची. कोणी सांगितलेलं नसताना. दहावीच्या मध्यावर ती उभी राहायची बंद झाली. मागे भिंतीला टेकून बसू लागली. उत्तरं चुकू लागली, सोपी सोपी चुकू लागली. मी तिला जास्तीचे सराव दिले. तेवढंच मला सुचलं.

तुम्हाला वेगळंच दिसलं. ती चेहऱ्याला पावडर लावून येते हे तुम्ही पाहिलंत. कानापाशी आणि गळ्यावर पावडर संपते तिथे रेघ दिसायची. डबा न उघडता परत नेते हेही पाहिलंत. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत. त्या अर्ध्या तासात तिच्या मागे बसून नुसते केस विंचरत राहिलात, दोन-तीन शनिवार. मग एका शनिवारी तिने आपणहून सांगितलं. हे सगळं तुम्ही मला नंतर सांगितलंत, कारण चपलांपाशी बसून मला काहीच कळलं नव्हतं.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच बसवताना बाईंनी तिला पुढच्या ओळीतून मागे नेलं होतं. "तू मागे राहा गं, फोटोत काळोख येतो," असं म्हणून. बाई म्हणे हसत म्हणाल्या. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव लोडशेडिंग पडलं. ती आत आली की मुलं "लाइट गेली, लाइट गेली" करायची. कोणीतरी तिच्या आडनावावरूनही काही जोडलं होतं. ते तिने तुम्हालाही पूर्ण सांगितलं नाही.

मी चिडलो. म्हणालो, "ताई, तिला सांगा ना, रंगाने काय होतं? तिचं डोकं बघा!"

"हे तिला कोण सांगत नाही? आई सांगते, तू सांगशील, मी सांगेन. सगळे सांगतात म्हणजे काहीतरी कमी आहे म्हणूनच सांगतात, एवढं तिला कळतं."

तुम्ही शाळेत गेलात. मुख्याध्यापिकांसमोर काय बोललात ते तुम्ही कधी नीट सांगितलं नाहीत, एवढंच म्हणालात की आवाज चढवला नाही. ती बाई नंतर प्रणालीशी नीट वागू लागली. मुलं लगेच थांबली नाहीत, पण हळूहळू कमी झालं. तरी प्रणाली खात नव्हती, झोपत नव्हती. तुम्ही तिच्या आईला म्हणालात, हिला मनाच्या डॉक्टरकडे नेऊया. त्या वेळी मी फळा पुसत होतो, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"नको ओ बाई," तिची आई म्हणाली. "उद्या कोणाला कळलं तर? स्थळ येईल तेव्हा काय सांगू?"

"ताप आला तर नेतेस ना दवाखान्यात?"

"ताप वेगळा."

"मग स्थळ आलं की सांग ताप होता म्हणून. उद्या सकाळी तयार राहा. मी येते सोबत."

तुम्ही तिला घेऊन जात राहिलात, परीक्षेपर्यंत आणि परीक्षेनंतरही. गुडघे दुखत होते तुमचे, जिने चढताना कठड्याला धरून थांबायचात. दहावीचा निकाल लागला तेव्हा प्रणाली गणितात अभ्यासिकेत पहिली होती. त्या दिवशी ती फळ्यापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, झालं, बरी झाली. आता पुढे.

आणि पुढच्यावरूनच आपलं मोठं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही आणि आता ते मला एकट्यालाच भांडावं लागतंय.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिली पसंती कुठली टाकायची, यावरून. तिचे मार्क बघून मी ठाण्यातलं, माजिवड्याजवळचं कॉलेज सुचवलं. नाव मोठं, प्रयोगशाळा चांगली, तिथली मुलं पुढे कुठल्या कुठे जातात. तुम्ही म्हणालात कल्याण. अभ्यासिकेतल्या तिच्या मैत्रिणी कल्याणलाच जाणार होत्या.

"ताई, कल्याणचं कॉलेज वाईट नाही. पण तिला वरचं मिळतंय तर खालचं का घ्यायचं?"

"खालचं नाही. जवळचं."

"तुम्ही तिला अडवताय." हे मी म्हणालो तेव्हा तुमचा चेहरा बदलला होता. पण तुम्ही रागावला नाहीत.

"सुमेध, ती आत्ता कुठे जेवायला लागलीये. तिथे तिच्यासारखी तीच असेल. कोणी काही बोललं तर ती संध्याकाळी कोणाला सांगेल? मला सांगायला सुट्टीपर्यंत थांबेल?"

"मी पण एकटाच गेलेलो ना ताई. आमच्या चाळीतून कोणी गेलं नव्हतं माझ्या कॉलेजात. झालं ना माझं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या बघण्यात नर्सचं काहीतरी होतं, जीभ दाखव म्हणण्याआधीचं. आणि तुम्ही विचारलंत, "झालं का?"

मी विषय बदलला. म्हणालो, तिलाच विचारूया. तुम्ही लगेच मान्य केलंत. प्रणालीला बोलावलं. तिने एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "ठाणे." तुम्ही म्हणालात, "मग ठाणे. छान." त्यानंतर त्या निर्णयाविरुद्ध एक शब्द तुमच्या तोंडून मी ऐकला नाही.

दहावीनंतर मुली अभ्यासिकेत येत नसत, तेवढी जागाच नव्हती. म्हणून मग मी फक्त तुम्हाला विचारायचो.

"प्रणाली कशी आहे?"

"आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जातेय. तू तुझा फळा पूस."

वर्ष असं गेलं. मेमध्ये सुट्टीसाठी अभ्यासिका बंद झाली. तुम्ही म्हणालात, "शाळा उघडल्या की फोन करते." दर वर्षी करायचात. "चल रे, सुरू झालं," एवढंच बोलून ठेवायचात.

या जूनमध्ये मी फोनची वाट पाहिली. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला होता, तो तुम्हाला सांगायचा होता. शाळा उघडल्या. मी फोन लावला तर बंद. मला वाटलं, फोन बिघडला असेल, तुम्ही त्याला वरणाच्या भांड्याजवळ ठेवायचात. आणखी एक आठवडा गेला. मग एका शनिवारी मी न बोलावता आलो. मंगळवार सोडून कधीही ये म्हणायचात, मंगळवारी गणपतीच्या गर्दीत रिक्षा मिळत नाही म्हणून. शनिवार होता, रिक्षा लगेच मिळाली.

विहाराच्या दारात एकही चप्पल नव्हती. मी सवयीने पायरीवर बसलो. गिरणी चालू होती. ती थांबली आणि लताकाकू बाहेर आल्या. मला बघून नेहमीसारखी थट्टा करतील म्हणून मी तयार होतो. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही आता आलात?"

"का, काय झालं?"

"बाई गेल्या की. बुद्धपौर्णिमेच्या आधीच. सकाळी उठल्याच नाहीत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?"

कोण सांगणार, ताई? मुलींकडे माझा नंबर नव्हता, माझ्याकडे मुलींचा नव्हता. तुमच्या भाच्याने मला कधी पाहिलेलं नव्हतं. कोलशेतमध्ये तुम्हाला ओळखणाऱ्या बायका आता उरल्यात किती, आणि त्यांना तरी कुठून कळणार. टिटवाळ्यातून माझ्यापर्यंत येणारा एकच रस्ता होता आणि तो तुम्ही होता. नियम तुमचा बरोबर होता. मी आजही तो मोडणार नाही. पण तो करताना तुम्ही एक गोष्ट धरलीच नव्हती, की एक दिवस निरोप तुमचाच असेल.

लताकाकूंनी आत नेऊन बसवलं, चहा दिला. मग तुमचं काय काय सांगत बसल्या. त्यातच सहज म्हणाल्या, "दर बुधवारी जायच्या ना ठाण्याला. एवढे गुडघे धरलेले, तरी. भाकरी, ठेचा, काहीतरी सुकं. दोघींचा डबा."

"दोघींचा म्हणजे?"

"त्या प्रणालीचा आणि त्यांचा. तिच्या कॉलेजसमोर बसून जेवायच्या म्हणे. वर्षभर. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. माझं कॉलेज तिथून एका सिग्नलवर आहे. तुम्ही बुधवारी दुपारी तिथे बसून तिच्याबरोबर भाकरी खात होता, आणि त्याच वेळी मी आमच्या कॉलेजच्या मागच्या जिन्यावर, जिथलं गच्चीचं दार कायम बंद असतं, तिथे बसून माझा डबा खात होतो. मी तिथे तिन्ही वर्षं जेवलो. पहिल्या वर्षी एकदा कँटीनमध्ये डबा उघडला होता. एकाने विचारलं, काय आणलंस, मी सांगितलं सुकट, तो हसला आणि दुसऱ्या टेबलावर गेला. दुसऱ्याने आडनाव विचारलं आणि मग नीट, अगदी नीट, सभ्यपणे बोलणं कमी केलं. कोणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. तक्रार करावी असं काही घडलंच नाही. मी फक्त जिन्यावर जाऊन बसू लागलो. आईला सांगायचो, मित्रांबरोबर जेवतो. ती डब्यात मुद्दाम दोन चपात्या जास्त द्यायची, मित्रांसाठी. त्याही मीच खायचो.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही "झालं का?" विचारलंत, तेव्हा हे सगळं एका क्षणात माझ्यासमोर आलं होतं. मी सांगितलं असतं तर प्रणालीसाठी माझा मुद्दा पडला असता, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, सांगितलं असतं तर तुम्ही त्या डब्यात तिसऱ्याची भाकरी घातली असती. किंवा नसतीही. नियमात बसलं नसतं कदाचित. कदाचित मला वेगळ्या वारी भेटला असतात. मला ठाऊक नाही आणि आता विचारायला तुम्ही नाही आहात.

तरीही ताई, एक सांगतो, रागावू नका. मी अजून पूर्ण तुमच्या बाजूला आलेलो नाही. आपल्या मुलींनी नेहमी जवळचंच घ्यायचं का? मोठ्या नावाच्या कॉलेजात पहिली मुलगी कोणीतरी जाणारच ना, नाहीतर दुसरी कशी जाणार? त्या जिन्यावर बसून मी पदवी घेतलीच. फर्स्ट क्लास मिळाला. तुम्हाला सांगायचा होता तो हाच निकाल. आमच्या घरातली पहिली पदवी. बाबांनी गुणपत्रिका उलटी धरून बराच वेळ पाहिली आणि कोणी सरळ करायला गेलं नाही. याची काहीच किंमत नाही असं मला म्हणता येत नाही. पण ती किंमत दुसऱ्या कोणाकडून, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडून मागावी का, हे मला कळत नाही. तुम्ही असता तर सतरंजी गुंडाळता गुंडाळता काहीतरी बोलला असतात, मी उलट बोललो असतो, आणि आपण दोघं थोडे पुढे सरकलो असतो. एकट्याने भांडताना मी त्याच जागी फिरतोय.

त्या शनिवारी निघताना माझा नंबर एका कागदावर लिहून लताकाकूंकडे ठेवला. म्हटलं, कोणाच्या आईला काही कळवायचं असेल तर. मला एकच जाणून घ्यायचं होतं. बुधवार थांबले, आता प्रणालीचं काय झालं? कोणाबरोबर जेवते? जेवते का? तुम्हीच नसाल तर ते मला कोण सांगणार, हे मला कळत नव्हतं. परतीच्या वाटेवर मी ठाण्याला उतरून तिच्या कॉलेजच्या फाटकासमोरून गेलो. तिथे थांबणं बरोबर नव्हतं, म्हणून थांबलो नाही. समोरच्या कठड्यावर दोन अनोळखी बायका बसल्या होत्या. त्यांच्याकडे मी उगाचच वळून पाहिलं.

त्यानंतर फोन आला नाही. मी एम.एस्सी.च्या प्रवेशाची धावपळ केली, शिकवणी शोधली. शनिवारी दुपारी मला काय करायचं ते कळेनासं झालं. कोलशेतच्या खाडीकडच्या रस्त्यावर चालत जायचो आणि परत यायचो. आई म्हणाली, "अरे, टिटवाळ्याला जात नाहीस?" तिला सांगितलं तेव्हा ती मोठ्याने रडली, तुमचं नाव घेऊन. तुम्ही माझी चड्डी खाली ओढून सुई मारायचात हेही तिने रडत रडत सांगितलं. मी तिच्या बाजूला बसून राहिलो.

परवा दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"हॅलो, सर का? मी प्रणालीची आई. गिरणीवाल्या काकूंनी नंबर दिला."

"हो, बोला ना. जय भीम."

"जय भीम. अहो सर, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं बघा. बाईंचं असं अचानक झालं, कोणाला काही सुचलं नाही. पोरी सारख्या म्हणत होत्या, सरांना सांगा, सरांना सांगा. पण सांगणार कुठे?"

मी म्हणालो, कळलं मला, काकूंनी सांगितलं. आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "प्रणाली कशी आहे?"

"तेच सांगायला फोन केला. तिने कॉलेज बदललं. बारावी कल्याणला घेतली. अर्ज मंजूर झाला, आठवडा झाला जायला लागलीये."

मी घाईने विचारलं, "का? कोणी काही बोललं का? नापास वगैरे..."

मागून मुलीचा आवाज आला, "आई, आधी मार्क सांग सरांना."

"हां, अकरावीला गणितात वर्गात पहिली आली. सायन्सच आहे हो, सोडलं नाही काही."

"मग का सोडलं तिथलं?"

"आता ते तिचं तिलाच माहीत. बाई गेल्यावर एक महिनाभर गप्प होती. मी म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पण नाही. जेवत होती, झोपत होती. मग एक दिवस स्वतःच म्हणाली मला बदलायचंय. मी म्हटलं, अगं सरांनी एवढं सांगून घेतलेलं, त्यांना काय वाटेल? तिला नाही ओ झेपत तिथलं, असं काहीतरी सरांना सांगते म्हटलं."

"आई! असं नाहीये. तू उलटंच सांगतेस."

"मग तूच बोल."

"तू सांग. पण मी बोलते तसंच सांग."

"बरं बाई, बोल." फोनवर थोडा वेळ दोघींचं कुजबुजणं ऐकू आलं. मग तिची आई एकेक शब्द जपून, मध्ये एकदा थांबून, म्हणाली, "ती म्हणते, सरांना सांग, मला तिथे जमत होतं. पण मला ते एकटीने जमवायचं नव्हतं."